श्वानाच्या डोळ्यांतील रंग

रात्रीच्या अंधारांत कंदिलाचा किंवा मोटारीच्या दिव्याचा झोत वाटेवरच्या कुत्र्याच्या तोंडावर पडला, कीं त्याचे डोळे हिरवट निखाऱ्यांसारखे चमकून उठतात. मनुष्याचे डोळे तसे चमकत नाहींत. एवढ्या एका गोष्टीवरूनहि ध्यानांत येतें कीं, ज्या प्राण्यानें हजारों वर्षें मनुष्याच्या उंबरठ्याशीं बसून काढलीं, त्याचा डोळा मनुष्याच्या डोळ्याहून निराळ्या घडणीचा आहे. त्या डोळ्यास जग कसें दिसतें, आणि विशेषतः त्यास रंग दिसतात कीं नाहींत, हा प्रश्न दिसण्यांत साधा आहे. परंतु त्याचें समाधानकारक उत्तर मिळण्यास शंभर वर्षें लागलीं; आणि मधल्या काळांत एक चुकीचें उत्तर लोकांच्या मनांत इतकें खोल रुजलें, कीं तें अद्यापहि पुष्कळांच्या तोंडीं ऐकूं येतें. कुत्र्यास सारें जग काळेंपांढरें दिसतें, हेंच तें उत्तर होय. तें कसें रूढ झालें आणि कसें खोडलें गेलें, हा इतिहास कुत्र्याविषयीं जेवढें सांगतो तेवढेंच मनुष्याच्या प्रश्न विचारण्याच्या रीतीविषयींहि सांगतो.

दुसऱ्याच्या डोळ्यांनीं जग पाहतां येत नाहीं, ही अडचण माणसामाणसांतहि आहेच. इंग्लंडांतील मँचेस्टर शहरीं १७९४ सालीं जॉन डाल्टन या तरुण विद्वानानें तेथील साहित्य व तत्त्वज्ञान मंडळापुढें एक निबंध वाचला. पुढें अणुसिद्धान्तामुळें जगप्रसिद्ध झालेला हाच तो डाल्टन. इतरांस गुलाबी दिसणारें जिरेनियमचें फूल आपणांस दिवसा आकाशासारखें निळें दिसतें आणि मेणबत्तीच्या उजेडांत तांबडें दिसतें, असें त्यानें सांगितलें. इंद्रधनुष्याच्या सात रंगांत त्यास मुख्यतः दोनच रंग ठळकपणें वेगळे भासत. एक पिवळा व दुसरा निळा. आपल्या डोळ्यांतील द्रव निळसर असला पाहिजे, असा त्याचा तर्क होता. १८४४ सालीं त्याच्या मृत्यूनंतर त्याच्याच इच्छेनुसार डोळे तपासण्यांत आले, तेव्हां तो तर्क खोटा ठरला. द्रव स्वच्छ होता. त्या डोळ्याचा जपून ठेवलेला अंश पुढें १९९५ सालीं तपासण्यांत आला. त्यांतील आनुवंशिक द्रव्यावरून असें दिसून आलें कीं, हिरव्या प्रकाशास विशेष जागृत असणारें रंगद्रव्य डाल्टनच्या डोळ्यांत मुळीं नव्हतेंच.

डाल्टन बोलूं शकत होता, म्हणून त्याचें दुःख जगास कळलें. कुत्रा बोलत नाहीं. त्याची साक्ष घ्यावयाची तर प्रश्न असा रचावा लागतो, कीं त्याचें उत्तर त्यास पायानें, नाकानें किंवा लाळेनें देतां यावें. साक्षीदार मुका असला म्हणजे खटल्याचा सारा भार प्रश्नकर्त्याच्या शहाणपणावर पडतो. या खटल्यांत नेमकें तेंच घडलें.

अशी साक्ष घेण्याचा पहिला मनःपूर्वक प्रयत्न करणाऱ्यांत सर जॉन लबक याची गणना होते. हा गृहस्थ व्यवसायानें पेढीवाला, पार्लमेंटचा सभासद आणि डार्विनचा शेजारी होता. मधमाशांपुढें निरनिराळ्या रंगांच्या कागदांवर मध ठेवून त्यांस रंग ओळखतां येतात, हें त्यानें दाखविलें होतें. त्यानें व्हॅन नांवाचा एक काळा पूडल जातीचा कुत्रा पाळला होता. पुठ्ठ्यांवर ‘अन्न’, ‘पाणी’, ‘चहा’, ‘बाहेर’ असे इंग्रजी शब्द छापून त्यानें ते व्हॅनपुढें मांडले. हव्या त्या वस्तूचा पुठ्ठा तोंडांत धरून आणावयाचा, हें तो कुत्रा हळूहळू शिकला. या यशानें उत्साहित होऊन लबकनें रंगीत पुठ्ठे केले. एका रंगाचा पुठ्ठा दाखवावयाचा आणि कुत्र्यानें त्याच रंगाचा दुसरा शोधून आणावयाचा, असा तो प्रयोग होता. व्हॅनला तो साधला नाहीं. प्राण्यांच्या इंद्रियांविषयीं १८८८ सालीं प्रसिद्ध केलेल्या आपल्या ग्रंथांत लबकनें हें अपयश प्रामाणिकपणें नमूद केलें. परंतु त्या अपयशाचा अर्थ काय, हें कोणास ठामपणें सांगतां आलें नसतें. कुत्र्यास रंग दिसले नाहींत, कीं रंग दिसूनहि जोडी जुळविण्याची कल्पना उमगली नाहीं? न पाहणें आणि न समजणें यांत जमीनअस्मानाचें अंतर आहे. परंतु दूरून पाहणाऱ्यास दोन्ही सारखींच दिसतात.

विसाव्या शतकाच्या आरंभीं हा प्रश्न रशियांत गेला. व्होल्गेच्या कांठीं वसलेल्या कझान शहरांतील प्राध्यापक सामोयलोव्ह आणि त्यांच्या सहकारी फिओफिलाक्तोव्हा यांनीं १९०७ सालीं आपले प्रयोग प्रसिद्ध केले. करड्या रंगाच्या अनेक छटांमधून हिरवा तेवढा निवडण्यास त्यांनीं कुत्र्यास शिकविलें, आणि कुत्र्यास रंगाची जाण आहे असा निष्कर्ष काढला. पण पुढच्याच वर्षीं, १९०८ सालीं, सेंट पीटर्सबर्ग येथील इव्हान पाव्हलोव्ह यांच्या प्रयोगशाळेंतून उलट निकाल बाहेर पडला. पाव्हलोव्ह यांस पचनक्रियेवरील संशोधनाबद्दल १९०४ सालीं नोबेल पारितोषिक मिळालें होतें, आणि कुत्र्याच्या लाळेवरून त्याच्या मेंदूंतील व्यापार ओळखण्याची त्यांची पद्धति सर्व युरोपांत गाजूं लागली होती. त्यांचे शिष्य लिऑन ओर्बेली यांनीं रंगीत प्रकाश आणि खाद्य यांची सांगड घालून पाहिली. प्रकाशाचा कमीअधिकपणा कुत्र्यास कळे. आकृत्यांतील भेदहि कळे. परंतु रंगभेदावर लाळ सुटेना.

या प्रयोगशाळेंतील इतर प्रयोगांत कुत्र्यांनीं विलक्षण सूक्ष्म दृष्टि दाखविली होती. पूर्ण वर्तुळ आणि किंचित् चपटें केलेलें वर्तुळ यांतील फरक ते ओळखीत. करड्या रंगाच्या ज्या छटा मनुष्याच्या डोळ्यास एकसारख्या वाटत, त्याहि कुत्रे वेगळ्या काढीत, असें तेथें नोंदविलें गेलें. इतक्या तीक्ष्ण साक्षीदारानें रंगाविषयीं मात्र मौन धरावें, याचा एकच अर्थ दिसत होता. कुत्र्यांत रंगदृष्टि असलीच तर ती अगदीं प्राथमिक स्वरूपाची आहे आणि बहुतेक कुत्र्यांत ती आढळतच नाहीं, असें पाव्हलोव्ह यांनीं आपल्या व्याख्यानांत सांगितलें. तीं व्याख्यानें १९२७ सालीं इंग्रजींत आलीं, आणि तें मत जगभर पोहोंचलें. पाव्हलोव्ह यांच्या वाक्यांत सावधगिरीचा जो अंश होता तो वाटेंत गळून पडला. उरलें तें एवढेंच, कीं कुत्रा रंगांधळा आहे आणि त्याचें जग काळेंपांढरें आहे. कझानचा प्रयोग मागें पडला. कझानचें नांव लहान होतें, पाव्हलोव्ह यांचें मोठें होतें.

हा वाद केवळ विद्वानांचा नव्हता. पहिल्या महायुद्धांत अनेक जर्मन सैनिकांची दृष्टि गेली, तेव्हां १९१६ सालीं ओल्डेनबर्ग येथें अंधांस वाट दाखविणाऱ्या कुत्र्यांची शाळा निघाली. पुढें मोठ्या शहरांच्या चौकांत तांबडे व हिरवे दिवे आले. रस्त्याच्या कडेस उभा असलेला अंध मनुष्य आपला जीव एका कुत्र्याच्या डोळ्यांवर सोंपवितो. तेव्हां त्या डोळ्यांस काय दिसतें, हा प्रश्न जीवनमरणाचा होतो. अनेकांची समजूत अशी असते कीं, तो कुत्रा दिव्याचा रंग पाहून धन्यास पलीकडे नेतो. वस्तुस्थिति तशी नाहीं. रस्ता ओलांडण्याची वेळ वाहनांच्या आवाजावरून धनी ठरवितो. कुत्रा अंगावर येणाऱ्या वाहनाकडे लक्ष ठेवतो, आणि धोका दिसल्यास धन्याची आज्ञा मोडूनहि जागचा हालत नाहीं. त्याच्या डोळ्यांत जें बळ आहे त्यावरच ही विद्या उभारलेली आहे.

मग त्या डोळ्यांत रंगाचें बळ किती? याचा निर्णय होण्यास प्रयोगाची एक जुनी खोंच दूर होणें आवश्यक होतें. कोणत्याहि रंगास स्वतःचा उजळपणा असतो. रंग न उतरणाऱ्या छायाचित्रांत पिवळें फूल फिकें आणि निळें फूल गडद उमटतें. म्हणून कुत्र्यानें पिवळा पुठ्ठा निवडला, तरी त्यानें रंग पाहिला कीं नुसता फिकेपणा पाहिला, हें सांगतां येत नाहीं. उजळपणा सतत बदलीत ठेवून रंग तेवढा कायम ठेवला, तरच उत्तर निर्विवाद होतें.

हें काम अमेरिकेंतील कॅलिफोर्निया विश्वविद्यालयाच्या सँटा बार्बरा येथील शाखेंत जे निट्झ, टिमथी गाइस्ट आणि जेरल्ड जेकब्ज यांनीं केलें, आणि तें १९८९ सालीं प्रसिद्ध झालें. त्यांचे साक्षीदार तीनच होते. दोन इटालियन ग्रेहाउंड आणि एक छोटा पूडल, म्हणजे लबकच्या व्हॅनचाच जातभाई. कुत्र्यापुढें प्रकाशानें उजळलेलीं तीन तावदानें असत. त्यांपैकीं दोन एका रंगाचीं आणि एक वेगळें. वेगळ्या तावदानास नाक लावलें कीं खाऊची गोळी मिळे. उजळपणा पुन्हा पुन्हा बदलण्यांत येई, म्हणजे त्याच्या आधारानें गोळी मिळवितां येऊं नये. अशा असंख्य चांचण्यांतून निर्णय झाला तो असा : कुत्र्यास रंग दिसतात, परंतु मनुष्यापेक्षां कमी.

मनुष्याच्या नेत्रपटलावर रंग टिपणाऱ्या शंकूच्या आकाराच्या पेशी तीन प्रकारच्या असतात. कुत्र्याच्या डोळ्यांत त्या दोनच प्रकारच्या आहेत. एक प्रकार सुमारें ४२९ नॅनोमीटर तरंगलांबीच्या जांभळट-निळ्या प्रकाशास, तर दुसरा सुमारें ५५५ नॅनोमीटर लांबीच्या पिवळट-हिरव्या प्रकाशास अधिक जागृत असतो. (नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग.) दोहोंच्या मध्यें, सुमारें ४८० नॅनोमीटरवर, जो निळसर-हिरवा रंग येतो, तो कुत्र्यास रंगहीन भासतो. म्हणजे निळा त्यास निळा दिसत असावा. पिवळा, हिरवा, नारिंगी आणि तांबडा हे सारे एकाच पिवळट कुळांतले वाटत असावेत. डाल्टननें १७९४ सालीं ज्या जगाचें वर्णन केलें, तें या जगाच्या पुष्कळ जवळचें होतें. इटलींतील बारी येथील संशोधकांनीं २०१७ सालीं यास आणखी पुष्टि दिली. मनुष्याची रंगांधता ओळखण्यासाठीं जपानी वैद्य इशिहारा यांनीं ठिपक्यांचीं चित्रें योजिलीं होतीं. त्याच धर्तीवर रंगीत ठिपक्यांत धावणारें मांजर दाखवून त्यांनीं कुत्र्यांची परीक्षा घेतली, आणि तांबडा व हिरवा यांच्या बाबतींत कुत्रे रंगांध माणसांसारखेच वागतात असें त्यांस आढळलें.

पाव्हलोव्ह यांच्या प्रयोगशाळेच्या दुसऱ्या विधानाचीहि फेरतपासणी झाली. २००४ सालीं प्रसिद्ध झालेल्या मोजणींत असें दिसलें कीं, उजळपणांतील भेद ओळखण्यांत कुत्रा मनुष्याहून सरस नाहीं. उलट त्याची शक्ति मनुष्याच्या सुमारें निम्मी आहे. राहतां राहिला एकच आक्षेप : कुत्र्यास रंग दिसत असले, तरी तो त्यांचा उपयोग करीत नसेल. त्यास उत्तर रशियांतूनच आलें. मॉस्को येथील संशोधकांनीं २०१३ सालीं आठ कुत्र्यांवर केलेला प्रयोग प्रसिद्ध केला. खाद्याच्या पेटीवरचा कागद रंगानेंहि वेगळा आणि उजळपणानेंहि वेगळा असा ठेवून त्यांनीं कुत्र्यांस योग्य पेटी ओळखण्यास शिकविलें. मग दोहोंची फारकत केली. गडद निळ्यावर जाण्यास शिकलेल्या कुत्र्यापुढें आतां फिकट निळा आणि गडद पिवळा असे दोन कागद आले. तेव्हां कुत्र्यांनीं बहुतांशीं रंगाचीच वाट धरली. शंभर वर्षांपूर्वीं ज्या देशांतून रंगहीनतेचा निकाल निघाला होता, त्याच देशानें तो फिरविला.

रंग कमी असले म्हणून कुत्र्याची दृष्टि दरिद्री ठरत नाहीं. ज्या अक्षराची खूण माणसास ७५ फुटांवरून पटेल, ती त्यास २० फुटांवर यावें तेव्हां पटते, हें खरें. परंतु त्याच्या नेत्रपटलामागें एक चकाकणारा पडदा आहे. तो हातचा निसटलेला प्रकाश पुन्हा डोळ्यांत परतवितो, म्हणून संध्याकाळच्या अंधुक उजेडांत कुत्रा मनुष्याहून सरस पाहतो. रात्री दिव्यापुढें चमकतो तो हाच पडदा. लांब नाकाच्या जातींत, पाहण्यास उपयोगी असणाऱ्या मज्जापेशींचा दाट पट्टा नेत्रपटलावर आडवा पसरलेला असतो. दख्खनच्या माळावर सशामागें सुटणारा कारवानी कुत्रा अशाच लांब तोंडाचा आहे, आणि तो वासापेक्षां नजरेवर शिकार साधतो. सशाचा रंग कोणता, याची त्यास फारशी गरज नसते; ससा हालला, हें कळलें कीं पुरे.

हिरव्यागार गवतावर तांबडा चेंडू फेंकून “तो समोर तर आहे, दिसत कसा नाहीं?” म्हणून कुत्र्यावर रागावणारे धनी जागोजाग आढळतात. चेंडू त्यांस ठळक दिसतो, म्हणून तो कुत्र्यासहि तसाच दिसला पाहिजे असें ते धरून चालतात. बिचारा कुत्रा मात्र पिवळट गवतांत पिवळटच चेंडू शोधीत असतो, आणि अखेरीस तो नाकानेंच हुडकून काढतो. तोच चेंडू निळा असेल तर त्याच्या डोळ्यांस तो लागलीच सांपडेल. मोठमोठ्या प्रयोगशाळांस शंभर वर्षें लागून जी गोष्ट कळली, तिचा घरच्या अंगणांतला उपयोग एवढाच आहे. परंतु ज्या मुक्या प्राण्यास विनाकारण बोल खावा लागतो, त्याच्या दृष्टीनें तो लहान नव्हे.