‘शोले’चं रामगड आणि गिधाडांचा डोंगर



आज एका डोंगराची आणि त्याच्या जंगलाची गोष्ट सांगते. डोंगर कर्नाटकातला आहे, पण तुमच्यापैकी बहुतेकींनी तो घरबसल्या पाहिलाय. ‘शोले’मधला गब्बरचा अड्डा आठवतो ना? तोच.

बंगळूरहून म्हैसूरच्या रस्त्याला साधारण ५० किलोमीटरवर रामनगर लागतं. मराठवाड्यात ज्यांच्या घरी तुती आणि रेशीमकिडे आहेत, त्यांना हे नाव नवीन नाही. तिथला रेशीमकोषांचा बाजार देशातल्या सर्वांत मोठ्या बाजारांपैकी एक. २०१८ मध्ये जालन्याला कोषबाजार सुरू झाला, त्याआधी आपल्याकडचे शेतकरी कोषांची पोती घेऊन रात्रभर प्रवास करून तिथेच जायचे.

या गावाशेजारी रामदेवरबेट्ट आहे. कन्नडमध्ये बेट्ट म्हणजे डोंगर. वर रामाचं देऊळ, भोवती झुडपी जंगल आणि घराएवढे गोल खडक. हा ग्रॅनाइट सुमारे २५० कोटी वर्षांपूर्वीचा आहे.

ऑक्टोबर १९७३ मध्ये दिग्दर्शक रमेश सिप्पी आपला ताफा घेऊन इथे आले. डाकूंचा सिनेमा म्हटला की चंबळ, हे तेव्हा ठरलेलंच होतं. यांनी मात्र दक्षिणेतले खडक निवडले. कलादिग्दर्शक राम येडेकर यांनी पायथ्याशी अख्खं रामगड उभारलं. सामान न्यायला मोठ्या रस्त्यापासून वाटही नव्याने करावी लागली. १५ ऑगस्ट १९७५ ला सिनेमा लागला. पुढे त्यातल्या संवादांच्या तबकड्या निघाल्या आणि लग्नाच्या मांडवातही गब्बर गरजू लागला.

आमच्या गटातल्या सात जणी तिथे गेल्या, तेव्हा सगळ्यांचा पहिला प्रश्न एकच, “ठाकूरचं घर कुठंय?” घर नाही. काम झाल्यावर ते गाव मोडलं. उरले ते खडक.

आता बसंतीकडे येऊ. “घोडी मादी असून टांगा ओढते, तर मी बाई असून का हाकू नये,” असं म्हणणारी ती बसंती. भूमिका हेमा मालिनी यांची. पण डाकू पाठीमागे लागल्यावर टांगा उधळतो, त्यातली जोखमीची दृश्यं केली रेशमा पठाण या मुंबईच्या मुलीने. घरची गरिबी होती, म्हणून कोवळ्या वयातच ती या कामात आली. ‘शोले’च्या वेळी टांगा उलटून तिला चांगलंच लागलं, तरी ती पुन्हा कामावर उभी राहिली. हिंदी सिनेमातली पहिली स्टंटबाई म्हणून आज तिचं नाव घेतलं जातं. त्यासाठी मात्र कित्येक वर्षं जावी लागली. कष्ट एकीचे आणि चेहरा दुसरीचा, हे आपल्यालाही नवं नाही.

या डोंगराचे खरे रहिवासी तर आणखीच विसरले गेले. ते म्हणजे गिधाडं. लांब चोचीचं गिधाड उंच कड्यावर घरटं करतं आणि वर्षाला एकच अंडं घालतं. १९९० नंतर देशभरातली गिधाडं झपाट्याने मेली. कारण सापडलं ते आपल्या गोठ्यात. जनावरांना दुखण्यावर डायक्लोफिनॅक टोचलं जायचं. असं जनावर मेलं आणि गिधाडांनी खाल्लं, की त्यांचे मूत्रपिंड निकामी व्हायचे. २००६ मध्ये सरकारने जनावरांसाठी या औषधावर बंदी घातली. २०१२ मध्ये रामदेवरबेट्टला गिधाडांसाठी अभयारण्य जाहीर झालं. आम्ही तासभर कड्याकडे बघत बसलो, पण एकही दिसलं नाही.

गिधाड गेलं म्हणून आपलं काय बिघडलं, असं कुणी म्हणेल. गावाबाहेर टाकलेलं ढोर पूर्वी ती काही तासांत फस्त करायची. आता ते कुजत पडतं, त्यावर मोकाट कुत्री वाढतात आणि त्यांच्या चाव्याची भीती आपल्या लेकरांना.

म्हणून पुढच्या बैठकीत पशुसखीला बोलवा. गाईम्हशीला दुखण्याचं इंजेक्शन देताना औषधाचं नाव विचारा. २०२३ मध्ये किटोप्रोफेन आणि अ‍ॅसिक्लोफिनॅक यांच्यावरही बंदी आली आहे. मेलॉक्सिकॅम गिधाडांना सुरक्षित आहे, ते चालेल का, हे डॉक्टरांना विचारा. औषध देऊनही जनावर दगावलं, तर उघड्यावर न टाकता खोल पुरा. आणि हा ठराव इतिवृत्तात लिहून ठेवा.