चकाकत्या जमिनीचा इतिहास

जमिनीलाही इतिहास असतो, असें म्हटलें तर वाचकांपैकीं कांहीं जण हंसतील. इतिहास असावा तो राजांचा, लढायांचा, फार तर काव्यशास्त्रांचा; पायांखालच्या लादीला कसला आला आहे इतिहास? परंतु ज्या वस्तूवर आपण रोज पाय देतों तिच्याकडे आपण सहसा पाहत नाहीं, आणि ती वस्तु स्वच्छ राखणाऱ्याकडे तर त्याहूनही पाहत नाहीं. म्हणूनच ही कथा सांगावीशी वाटते. ती मुख्यतः अमेरिकेंतील आहे. तेथील शाळा, इस्पितळें, दुकानें व कचेऱ्या यांच्या जमिनींवर गेल्या शतकांत एक स्वस्त लादी पसरली. तिला हल्लीं विनाइल कंपोझिशन टाइल म्हणतात. तिच्या झळाळीची ही हकीकत आहे.

मूळ विषयास हात घालण्यापूर्वीं आपल्याकडील एका जुन्या रीतीची आठवण करून देतों. कारण पुढील सर्व कथेचें मर्म तींत आहे. मातीची जमीन शेणानें सारवीत. सारवण हें जमिनीचें अंग नव्हे. तो तिच्यावरील पातळ लेप होय. पायांची झीज तो सोसतो आणि जमीन वांचते. तो झिजला कीं पुन्हां सारवावयाचें. झिजण्यासाठींच घातलेला थर, ही कल्पना आपल्या आज्यांना कोणत्याही पुस्तकावांचून अवगत होती. पश्चिमेकडील रसायनशास्त्रज्ञांनीं पुष्कळ वर्षें खपून निराळ्या द्रव्यांच्या साहाय्यानें जें साधलें, तें मुळांत याहून वेगळें नाहीं.

कथेचा आरंभ इंग्लंडांत होतो. फ्रेडरिक वॉल्टन या गृहस्थाच्या नजरेस असें आलें कीं, रंगाच्या उघड्या भांड्यांतील जवसाच्या तेलावर हवेच्या योगानें रबरासारखी लवचिक साय धरते. या सायीचा उपयोग करण्याच्या खटपटींतून त्यानें १८६३ सालीं लिनोलियमचें पेटंट घेतलें. जवसाचें लॅटिन नांव लिनम व तेलाचें ओलियम, यांवरून हा शब्द बनला. तेलाच्या चिकट गोळ्यांत राळ व बुचाचा भुसा मिसळून तो तागाच्या जाड कापडावर पसरीत. ताग आणि जवस या दोन्ही मालांचा हिंदुस्थान त्या काळीं मोठा पुरवठेदार होता. बंगालचा ताग डंडीच्या गिरण्यांना जाई, आणि वऱ्हाड व मध्यप्रांत येथील जवस मुंबई बंदरांतून विलायतेस रवाना होई. लिनोलियम इतकें लोकप्रिय झालें कीं, १८७८ सालीं इंग्रजी न्यायालयानें तें नांव कोणा एका कारखान्याच्या मालकीचें उरलेलें नाहीं असा निकाल दिला.

जमीन गुळगुळीत झाली तेव्हां ती राखावयाची कशी हा प्रश्न उत्पन्न झाला. याचें उत्तर देणाऱ्यांत विस्कॉन्सिन संस्थानांतील रसीन या गांवच्या सॅम्युएल कर्टिस जॉन्सन यांचें नांव प्रमुख आहे. १८८६ सालीं त्यांनीं लांकडी नक्षीच्या जमिनी विकण्याचा धंदा सुरू केला. गिऱ्हाइकें विचारूं लागलीं, ‘जमीन तर छान आहे, पण ती अशीच राहावी म्हणून काय करावें?’ तेव्हां त्यांनीं मेण तयार करून तें विकण्यास आरंभ केला, आणि पुढें मेणाचा धंदा लांकडाच्या धंद्याहून मोठा झाला. वस्तु एकदांच विकली जाते, तिची निगा मात्र जन्मभर विकतां येते, हें व्यापारी सत्य येथें प्रथम दिसून येतें. या कथेंत तें पुन्हां पुन्हां भेटणार आहे.

या मेणांत सर्वांत मोलाचें तें कार्नौबा. ब्राझील देशाच्या ईशान्य भागांत एका जातीचा ताड होतो. तेथील कोरड्या ऋतूंत पानांतील ओलावा उडून जाऊं नये म्हणून निसर्गच त्या पानांवर कठीण मेणाचा थर चढवितो. पानें वाळवून, झोडपून तो थर काढतात. १९३५ सालीं जॉन्सन यांचे नातू या ताडाचा शोध घेण्यासाठीं विमानानें ब्राझीलला जाऊन आले, यावरून त्या मेणाचें महत्त्व ध्यानांत येईल. झाडानें स्वतःच्या रक्षणासाठीं घातलेला लेप माणसानें काढून आपल्या जमिनीला लावला.

इतक्यांत जमीनच बदलली. १९२० नंतरच्या दशकांत डांबरमिश्रित लाद्या प्रचारांत आल्या. या स्वस्त व टिकाऊ होत्या. परंतु त्यांत एक खोड होती. जुनें मेण टर्पेंटाइनसारख्या द्रवांत कालविलेलें असे, आणि त्या द्रवानें डांबर विरघळूं लागे. म्हणजे जें औषध लांकडास अमृत तेंच या लादीस विष! म्हणून मेणाचे सूक्ष्म कण पाण्यांत कालवून, घांसल्यावांचून आपोआप चमकणारें पातळ पॉलिश तयार करण्यांत आलें. १९३२ च्या सुमारास तें अमेरिकेच्या बाजारांत आलें, आणि त्याच्या जाहिराती नभोवाणीवरील विनोदी नाटकांच्या मध्यें घरोघर ऐकूं येऊं लागल्या. तेव्हांपासून लादी आणि लेप हीं जोडीनें चालूं लागलीं. लादी बदलली कीं लेपानें बदलावें, असा शिरस्ता पडला.

विनाइलचा प्रवेशही असाच अकल्पित. १९२६ सालीं वॉल्डो सेमन हे रसायनशास्त्रज्ञ रबर धातूला चिकटविण्याचें साधन शोधीत असतां, पॉलिव्हिनाइल क्लोराइड हा कठीण व निरुपयोगी मानलेला पदार्थ मऊ व लवचिक करण्याची युक्ति त्यांच्या हातीं लागली. १९३३ च्या शिकागो येथील प्रदर्शनांत विनाइलच्या लाद्या लोकांस दाखविण्यांत आल्या. पुढें महायुद्ध संपल्यावर नव्या शाळा, नवीं इस्पितळें, नवीं दुकानें झपाट्यानें उभीं राहूं लागलीं, आणि त्यांच्या जमिनींवर ही लादी पसरली. मात्र ती निव्वळ विनाइलची नव्हती. तींत चुनखडीची भुकटी होती, आणि बळकटीसाठीं ॲस्बेस्टॉसचे तंतु होते. हे तंतु जळत नाहींत, कुजत नाहींत, शिवाय स्वस्त. सुमारें तीस वर्षें कोट्यवधि पावलें या लाद्यांवरून गेलीं.

या लादीची ख्याति अशी कीं, तिला निगा लागत नाहीं. वस्तुतः विक्रेत्याच्या या बोलण्यांत अर्धेंच सत्य होतें. लादी उघडी ठेवली तर ती निस्तेज दिसते. तिच्या अंगीं सूक्ष्म छिद्रें असतात व त्यांत मळ बसतो. जोड्यांना लागून आलेली वाळू तिला कागदासारखी घांसते. म्हणून तिच्यावर पॉलिशचे तीन, चार, पांच पातळ थर द्यावे लागतात. दुकानांत शिरतांच जी झळाळी आपले डोळे दिपविते ती लादीची नसतेच. ती या लेपाची असते.

लेपाचें रसायनही मोठें चतुराईचें आहे. मेणाच्या जागीं पुढें ॲक्रिलिक जातीचीं कृत्रिम द्रव्यें आलीं. पाणी उडून गेलें कीं त्यांचे कण एकमेकांत मिसळून कांचेसारखा पापुद्रा बनतो. परंतु येथें एक विरोध उभा राहतो. लेप असा हवा कीं साबणाच्या पाण्यानें तो निघूं नये; आणि असाही हवा कीं, जुना झाल्यावर तो सहज काढतां यावा. हा पेंच जस्ताच्या साहाय्यानें सोडविण्यांत आला. जस्ताचे अणु कणांना सांधून धरतात. अमोनियासारखें द्रव्य घातलेल्या क्षारयुक्त पाण्यानें तो सांधा सुटतो. चकाकणारी जमीन निसरडी तर नाहीं ना, ही शंकाही होतीच. १९४० नंतरच्या दशकांत सिडने जेम्स यांनीं चामड्याचा तुकडा जमिनीवर दाबून घर्षण मोजणारें यंत्र केलें, आणि अर्धा हा घर्षणांक सुरक्षिततेची मर्यादा म्हणून रूढ झाला.

आतां या जमिनीची प्रत्यक्ष निगा कशी राखतात तें पाहूं. दारांत पायपुसणीं अंथरलीं म्हणजे अर्धें काम झालें. वाळू आंत आलीच नाहीं तर ती घांसणार कशाला? रोज कोरड्या मॉपनें धूळ काढावयाची, आणि मग सौम्य साबणाच्या पाण्यांत पिळलेल्या मॉपनें पुसावयाचें. पाणी फार ओतलें तर तें सांध्यांतून खालीं उतरून लादीचा गोंद सोडवितें. नव्या लादीला तर पहिले चार-पांच दिवस धुवावयाचेंच नाहीं. मधून मधून यंत्रानें लेप घांसून पुन्हां चमक आणावयाची. त्या यंत्राखालील चकत्यांचीही एक रंगलिपि आहे: पांढरी चमक आणण्यास, तांबडी हलक्या घांसणीस, निळी धुण्यास, आणि काळी जुना लेप उतरविण्यास.

हें शेवटलें काम सर्वांत कष्टाचें. द्रावण जमिनीवर पसरून दहा मिनिटें थांबावयाचें, पण तें वाळूं द्यावयाचें नाहीं; मग काळ्या चकतीनें घांसून, उतरलेला चिखल यंत्रानें ओढून घ्यावयाचा; नंतर दोन वेळां स्वच्छ पाणी; आणि जमीन पूर्ण वाळल्यावर एकामागून एक पातळ थर. एक थर ओला असतां दुसरा दिला कीं सर्व मेहनत फुकट. दिवसां लोकांची वर्दळ असते, म्हणून हें सर्व रात्रीं चालतें. सकाळीं कारकून कचेरींत येतो तेव्हां जमीन आरशासारखी लखलखत असते, आणि ती तशी करणारा घरीं जाऊन निजलेला असतो.

याच कामांत एक मृत्यु दडून बसला होता. ॲस्बेस्टॉसचे तंतु लादीच्या अंगांत घट्ट बसलेले असेपर्यंत निरुपद्रवी असतात. परंतु लादी घांसली, फोडली कीं ते हवेंत उडतात, आणि श्वासावाटे फुप्फुसांत जाऊन पुष्कळ वर्षांनीं कर्करोगाच्या रूपानें प्रकट होतात. १९६४ सालीं डॉ. अर्व्हिंग सेलिकॉफ यांनीं ॲस्बेस्टॉसचें काम करणाऱ्या कामगारांची हानि निर्विवादपणें सिद्ध केली. पुढें १९८६ सालीं शाळांतील ॲस्बेस्टॉसची तपासणी करण्याचा कायदा अमेरिकेंत झाला, आणि त्याच दशकांत तेथील लाद्यांतून तो पदार्थ निघाला. आज त्या लादीचा सुमारें चार-पंचमांश भाग चुनखडीचाच असतो. पण घातलेल्या लाद्या जागच्या जागींच होत्या, आणि नेमक्या याच काळांत मिनिटाला हजार-दोन हजार फेरे घेणारीं चमक आणण्याचीं यंत्रें प्रचारांत आलीं होतीं! शेवटीं १९९४ सालीं कामगारसुरक्षेच्या सरकारी नियमांत असें बंधन घातलें गेलें कीं, अशा जमिनीचा लेप उतरवितांना ती ओली ठेवावी, चकती मऊ असावी, यंत्राचे फेरे मिनिटास तीनशेंहून कमी असावेत. लादी कानशीनें वा वाळूकागदानें घांसूं नये. आणि चकती लादीला टेकणार नाहीं एवढा लेप शाबूत असेल तरच कोरडी चमक आणावी.

या शेवटच्या अटीचा वाचकांनीं विचार करावा. जो लेप केवळ शोभेचा वाटत होता तोच घांसणाऱ्याच्या छातीचें कवच ठरला. मालकानें लेपाचा खर्च वांचविला कीं त्याची किंमत कोणाच्या तरी फुप्फुसांनीं द्यावयाची.

आणि हे कामगार होते तरी कोण? १९८० नंतर अमेरिकेंतील मोठ्या शहरांत इमारतींच्या मालकांनीं सफाईचें काम उत्तरोत्तर अधिकाधिक ठेकेदारांकडे सोंपविलें, मजुरी घसरली. लॉस एंजेलिससारख्या ठिकाणीं हें काम बहुधा मध्य अमेरिकेंतून व मेक्सिकोंतून आलेल्या निर्वासित व गरीब लोकांकडे आलें. १९८५ सालीं डेन्व्हर येथें त्यांच्या संघानें ‘सफाईकामगारांस न्याय’ या घोषणेखालीं चळवळ सुरू केली. १५ जून १९९० रोजीं लॉस एंजेलिसमधील सेंचुरी सिटी भागांत त्यांच्या शांततेच्या मिरवणुकीवर पोलिसांनीं लाठ्या चालविल्या व अनेक जण जखमी झाले. तें दृश्य दूरचित्रवाणीवर घरोघर दिसलें, लोकमत क्षुब्ध झालें, आणि थोड्याच दिवसांत ठेकेदारास संघाशीं करार करावा लागला. रात्रीं काम करणारी माणसें दिवसां रस्त्यावर आलीं, तेव्हां कोठें तीं लोकांच्या दृष्टीस पडलीं.

तेव्हांपासून कांहीं सुधारणा झाल्या आहेत. २००५ सालीं न्यूयॉर्क संस्थानानें शाळांत कमी अपायकारक सफाईद्रव्यें वापरण्याचा कायदा केला. जस्ताविरहित पॉलिशें निघालीं. पॉलिश न लागणाऱ्या लाद्याही आल्या आहेत. ‘निगा लागत नाहीं’ हें जुनें आश्वासन त्यांच्या विक्रेत्यांच्या तोंडींही ऐकूं येतें. त्यावर किती विश्वास ठेवावा हें गेल्या दीडशें वर्षांच्या अनुभवावरून वाचकांनींच ठरवावें.

आपली आजी सारवीत असे तेव्हां जमीन कोणी सारवली हें घरांतील पोरालाही ठाऊक असे. ओल्या जमिनीवर पाऊल उमटलें तर बोलणीं खावीं लागत. लेप तोच, झिजणेंही तेंच. बदललें तें एवढेंच कीं, लावणारा हात दिसेनासा झाला. पुढील वेळीं एखाद्या मोठ्या इमारतींत पायांखालीं आपलें प्रतिबिंब दिसलें, तर त्या प्रतिबिंबाच्या मागें रात्रीं जागलेलें आणखी एक माणूस आहे, एवढें स्मरण ठेवलें तरी या लेखाचें सार्थक झालें.