कापडी कुंडीतील झाडांना पाणी देणे (बुलढाणा जिल्हा)

कापडी कुंडी म्हणजे न विणता, नमद्यासारखे दाबून तयार केलेल्या जाड कापडाची झाड लावायची पिशवी. कापड बहुधा पॉलिप्रॉपिलीनचे असते. दुकानात तिला ‘ग्रो बॅग’ म्हणतात आणि घोटाळ्याची सुरुवात तिथेच होते, कारण एचडीपीईच्या विणलेल्या, प्लॅस्टिकचा थर चढवलेल्या पिशव्याही त्याच नावाने विकल्या जातात. त्यांच्या अंगातून ना हवा जाते ना पाणी. त्या पाण्याच्या बाबतीत प्लॅस्टिकच्या कुंडीसारख्याच वागतात. ओळख सोपी आहे: रिकाम्या पिशवीच्या बाजूला तोंड लावून फुंकर मारावी. श्वास आरपार गेला तर ती कापडी, आणि पुढचे सगळे तिच्यापुरते. वऱ्हाडात गोणपाटाच्या चुंगडीत माती भरून वेल लावणारी माणसे ही वस्तू बाजारात यायच्या आधीपासून जवळपास हेच करत होती. चुंगडी पावसात कुजते, हे कापड लवकर कुजत नाही, इतकाच फरक.

कापडाचा मुख्य उपयोग मुळांसाठी आहे. प्लॅस्टिकच्या कुंडीत मूळ कडेला टेकले की भिंतीभोवती घिरट्या घालते. इथे ते कापडाशी हवेला भिडते, टोक सुकते आणि मागून नवे फाटे फुटतात. हवेने मुळे छाटण्याच्या या कल्पनेवर अमेरिकेतील ओक्लाहोमात संशोधक कार्ल व्हिटकम यांनी काम केले. पण जी छिद्रे हवा आत घेतात तीच पाणी बाहेर सोडतात. ३० सेंटिमीटर रुंद आणि तितक्याच उंच पिशवीत सुमारे २१ लिटर माती मावते. तिच्या तोंडाचे क्षेत्रफळ साधारण ७०० चौरस सेंटिमीटर, तर बाजूच्या अंगाचे २,८०० च्या पुढे. उघड्या तोंडाच्या चौपट पृष्ठभाग वाऱ्याला मिळतो. माठातले पाणी ज्या कारणाने थंड होते त्याच कारणाने ही कुंडी थंड राहते आणि त्याच कारणाने रिकामी होते.

शेतकरी ज्याला वापसा म्हणतात, म्हणजे मातीत ओल आणि हवा दोन्ही असण्याची अवस्था, ती कापडी कुंडीत लवकर येते आणि लवकर सरते. जास्त पाण्याने झाड सडण्याची भीती इथे कमी, कोरडे पडण्याची जास्त. बुलढाणा जिल्ह्यात या हिशेबाचे दोन भाग पडतात. घाटावर, बुलढाणा शहराच्या उंचीवर, हवा थोडी सौम्य असते. घाटाखाली मलकापूर, नांदुरा, शेगाव या पट्ट्यात मे महिन्यात पारा चाळिशीच्या बराच वर जातो आणि गच्चीवर ठेवलेल्या वांग्याच्या किंवा मिरचीच्या कुंडीला सकाळी व संध्याकाळी असे दोनदा पाणी लागू शकते. किती लिटर, याचा ठराविक आकडा सांगणारा माणूस गच्चीवर राहत नसावा. पाणी दिल्यानंतर पिशवी कडीला धरून किंचित उचलून पाहावी. तो भार हाताला एकदा कळला की कधी द्यायचे ते हातच सांगतो. मोठी पिशवी उचलत नसेल तर बोट दोन पेरे मातीत घालावे.

घाटाखालचा खरा प्रश्न मात्र पाण्याच्या जातीचा आहे. पूर्णेच्या खोऱ्यातील खारपाणपट्टा जळगाव जामोद, संग्रामपूर, शेगाव, नांदुरा या तालुक्यांच्या काही भागांतून जातो. सातपुड्याच्या पायथ्याशी विहिरीचे पाणी गोड आणि नदीकडे सरकावे तसे खारे, हा तिथला नेहमीचा अनुभव. कापडी कुंडीच्या अंगातून उडून जाते ते निव्वळ पाणी; क्षार मागे राहतात. लिटरमागे १ ग्रॅम क्षार असलेले पाणी रोज २ लिटर दिले, तर ९० दिवसांत १८० ग्रॅम क्षार त्या २१ लिटर मातीत जातात, म्हणजे किलोच्या मिठाच्या पुडीचा जवळजवळ पाचवा हिस्सा. माठाच्या अंगावर पांढरा खार फुटतो तसा तो पिशवीच्या बाहेरही फुटतो. पानांच्या कडा करपू लागल्या की अनेकजण पाणी कमी पडले समजून तेच खारे पाणी वाढवतात. घेवडा आणि लिंबू लवकर हात टेकतात. पालक आणि बीट जास्त दिवस तग धरतात.

म्हणून इथे थोडे थोडे पाणी शिंपडण्याची सवय वाईट. दर वेळी तळातून थोडे पाणी बाहेर पडेल इतके द्यावे आणि आठ-पंधरा दिवसांतून एकदा साठवलेल्या गोड पाण्याने माती धुऊन काढावी. कुंडीखाली ताट ठेवून त्यात पाणी साठवू नये: क्षार तळातून पुन्हा वर चढतात आणि डासांची सोय होते ती वेगळीच. वापरलेल्या पाण्याचीही पारख करावी. आरओ यंत्रातून वाया जाणारे पाणी झाडांना घालणे काटकसरीचे वाटते, पण खारपाणपट्ट्यात त्यात मूळ पाण्यापेक्षा जास्त क्षार असतात. कूलरच्या टाकीत दिवसभर आटत राहिलेल्या पाण्याचेही तसेच. उलट वातानुकूलन यंत्रातून टपकणारे पाणी जवळजवळ क्षारविरहित असते. छपरावरून उतरवून ड्रममध्ये झाकून ठेवलेले पावसाचे पाणी सगळ्यांत उत्तम. वान धरणावरील १४० गावे योजनेचे नळाचे पाणी येत असेल, तर बोअरचे पाणी कपडे-भांड्यांना आणि नळाचे थोडे कुंड्यांना, अशी वाटणी करता येते.

एकदा पूर्ण सुकलेली कुंडी पाणी धरत नाही. काळी माती जास्त असेल तर ती आक्रसून कापडापासून सुटते, कडेने बोटभर फट पडते आणि ओतलेला तांब्या त्या फटीतून सरळ खाली जातो. वरून पाहणाऱ्याला वाटते, पाणी भरपूर झाले, कारण तळ ओला दिसतो. आत गड्डा कोरडाच असतो. अशा वेळी तांब्याभर पाणी देऊन दहा मिनिटे थांबावे, मग पुन्हा द्यावे. किंवा पिशवीच पाण्याच्या घमेल्यात अर्धा तास बसवावी. भरतानाच काळ्या मातीत कोकोपीट आणि चाळलेले शेणखत मिसळले तर ही वेळ कमी येते. कोकोपीट आधी गोड पाण्यात धुवावे, कारण त्यातही क्षार असतात. नवी पिशवी माती भरण्यापूर्वी भिजवून घ्यावी. वरून दोन इंच सोयाबीनचे कुटार पसरावे. जिल्ह्यात ते मुबलक असते. कुंड्या एकमेकींना खेटून ठेवाव्यात, आणि त्याही तापलेल्या स्लॅबवर नव्हे तर विटांवर. दुपारचे ऊन हिरव्या जाळीने अडवल्यास पाण्याची मोठी बचत होते.

ठिबक लावायचे तर एका मोठ्या पिशवीला समोरासमोर दोन ड्रिपर हवेत. एकाच ड्रिपरने ओल खालच्या दिशेने सरळ उतरते आणि दुसरी बाजू कोरडी राहते. खाऱ्या पाण्याने ड्रिपरची तोंडे बुजतात, त्यामुळे ती अधूनमधून उघडून पाहावी लागतात.

पावसाळ्यात झड लागली की हात आखडता घ्यावा. मात्र निचरा जोरात होत असल्याने पाण्याबरोबर खतही धुपून जाते, तेव्हा ते पातळ करून थोडे थोडे द्यावे लागते. जुलै-ऑगस्टमध्ये पावसाने आठवडाभर दडी मारली, तर शेतातली काळी माती अजून ओल धरून असते, कुंडी मात्र दोन दिवसांत सुकते.

हंगाम संपल्यावर माती काढून पिशवी पावसाच्या पाण्यात रात्रभर भिजवावी, घासून खार उतरवावा आणि सावलीत वाळवावी. शिवण उसवली नसेल तर ती पुढच्या मिरचीला चालते.