तीळ-भंटा : काशीतील मराठी घरांच्या रात्रीच्या जेवणाचा छोटा इतिहास

काशीतील महाराष्ट्रीयांचा इतिहास म्हटला की घाट, देवालये, वेदशाळा आणि शास्त्री-पंडितांची घराणी ही डोळ्यांपुढे उभी राहतात, आणि ते योग्यच आहे. मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेत त्या थोर विषयांवर अधिकारी लेखक लिहितीलच. प्रस्तुत लेखकाने मात्र बुद्ध्याच एक लहानसा विषय निवडला आहे. दिवेलागणीनंतर घाईघाईने चूल पेटवून पंधरा-वीस मिनिटांत जी भाजी पानात पडते, ती तीळकूट घालून परतलेली भाजी हा तो विषय. रामनगरात ती बहुधा भंट्याची, म्हणजे येथील प्रसिद्ध वांग्याची असते. अशा पदार्थाला कसला आला आहे इतिहास, असे कोणी म्हणेल. परंतु माणसे गाव सोडतात तेव्हा आपल्याबरोबर काय नेतात आणि नव्या गावाकडून काय घेतात, हे पाहावयाचे असेल तर रोजच्या कढईइतका विश्वासू साक्षीदार दुसरा नाही.

आपली माणसे येथे केव्हा आली, ते प्रथम थोडक्यात पाहू. पैठणचे भट्ट घराणे सोळाव्या शतकात काशीस स्थिरावले. त्याच घराण्यातील नारायण भट्टांनी विश्वेश्वराच्या मंदिराच्या पुनर्बांधणीत पुढाकार घेतला व ‘त्रिस्थलीसेतु’ हा ग्रंथ रचला. पुढे याच कुळातील गागाभट्टांनी १६७४ साली रायगडावर शिवाजी महाराजांचा राज्याभिषेक केला. एकनाथ महाराजांचे भागवत १५७३ साली पूर्ण झाले ते काशीतच. अठराव्या शतकात नारायण दीक्षित पाटणकर यांच्यासारखे सत्पुरुष येथे राहिले व त्यांच्या प्रेरणेने घाट बांधले गेले. पहिल्या बाजीरावांच्या मातोश्री राधाबाई १७३५ साली काशीयात्रेस निघाल्या. अहिल्याबाई होळकरांनी उभारलेले विश्वनाथ मंदिर १७८० च्या सुमाराचे आहे. १८१८ साली पेशवाई गेल्यावर दुसऱ्या बाजीरावांचे बंधू चिमाजीअप्पा काशीस येऊन राहिले, आणि त्यांच्या आश्रयास असलेल्या मोरोपंत तांब्यांच्या घरी झाशीच्या राणी लक्ष्मीबाईंचा जन्म झाला.

गंगेच्या या तीरावरील रामनगरचाही मराठ्यांशी संबंध आहे. १७५० च्या सुमारास राजा बलवंतसिंहांनी येथील किल्ला बांधला. त्यांचे पुत्र चेतसिंह यांचा १७८१ साली वॉरन हेस्टिंग्जशी संघर्ष झाला व त्यांना राज्य सोडावे लागले. अखेरीस त्यांना आश्रय मिळाला तो ग्वाल्हेरीस, महादजी शिंद्यांकडे. काशीहून ग्वाल्हेरीपर्यंत जाणारी ही वाट बुंदेलखंडातून जाते, आणि हा बुंदेलखंड पूर्वीपासून आजवर तिळाच्या पिकासाठी प्रसिद्ध आहे, हे पुढील विवेचनासाठी ध्यानात ठेवावे.

आता तिळाकडे वळू. हे आपल्या देशातील अतिप्राचीन पीक होय. हडप्पाच्या उत्खननात जळालेल्या तिळांचा गोळा सापडला आहे, आणि तिळाचा जवळचा रानटी आप्तही भारतीय उपखंडातच उगवतो. ‘तेल’ हा शब्द ‘तैल’ या संस्कृत शब्दापासून आला व ‘तैल’ म्हणजे तिळापासून निघालेले. तेव्हा आपण ‘मोहरीचे तेल’ किंवा ‘शेंगदाण्याचे तेल’ म्हणतो, त्यात तिळाचे नाव अजाणता घेतोच. तिळात साधारण निम्मा भाग तेलाचा असतो, आणि हे तेल इतर तेलांच्या मानाने लवकर खवट होत नाही. महिनोन्महिने पायी यात्रा करणाऱ्यांच्या शिदोरीत तिळाची चटणी टिकाऊ म्हणून असावी, असे अनुमान काढण्यास हरकत नाही.

मराठी भाषेत तर तीळ ठायी ठायी विखुरलेला आहे. गुप्त गोष्ट ज्याच्या पोटात राहत नाही त्याच्या तोंडात तीळ भिजत नाही. जिव्हाळ्याची माणसे एक तीळ सात जणांत वाटून खातात. मायेच्या माणसासाठी जीव तीळ तीळ तुटतो. आणि नाते संपले की तिलांजली दिली जाते. संक्रांतीस तिळगूळ, भोगीस तीळ लावलेली बाजरीची भाकरी व तिळाचे कूट घातलेली मिसळीची भाजी, पितरांस तिलतर्पण, असा जन्मापासून मरणापर्यंत तिळाचा संचार आहे. काशीतही हे धान्य परके नाही. पांडेहवेलीतील तिळभांडेश्वराचे लिंग दरवर्षी तिळाएवढे वाढते अशी श्रद्धा आहे. येथे ज्याला ‘खिचडी’ म्हणतात त्या संक्रांतीच्या सणात तिळाचे लाडू असतातच. फरक एवढाच की येथील लोकांनी तिळाला गोडात व धर्मकृत्यात ठेवले, तर आपण त्याला रोजच्या भाजी-चटणीतही घेतले.

हा फरक जुना आहे. आज मराठी भाजीत सर्रास पडणारे शेंगदाण्याचे कूट फार प्राचीन नाही. भुईमूग मुळात दक्षिण अमेरिकेतला, आणि आपल्याकडे त्याची मोठी लागवड वाढली ती एकोणिसाव्या शतकापासून. मिरचीही त्याच खंडातून पोर्तुगीजांबरोबर आली. त्याआधीच्या स्वयंपाकात तिखटपणा मिऱ्यांचा व पिंपळीचा, आणि दाटपणा तीळ, खोबरे, कारळे व जवस यांचा. सतराव्या शतकात रघुनाथ नवहस्ते या मराठी पंडिताने ‘भोजनकुतूहल’ हा ग्रंथ रचला, त्यात धान्ये व भाज्या यांच्या गुणदोषांची चर्चा आहे. शेंगदाणा स्वस्त व मुबलक झाला तसा तीळ मागे सरून सणापुरता उरला. पण ज्या घरांनी शेंगदाणा रुजण्यापूर्वीच महाराष्ट्र सोडला, त्यांच्याकडे जुनी रीत टिकण्यास अधिक वाव होता. दूर देशी गेलेल्या माणसांच्या बोलीत जुने शब्द राहतात, तसेच त्यांच्या डब्यांत जुने जिन्नसही राहतात.

तिळाला येथे जोडीदार मिळाला तो रामनगरचा भंटा. हे वांगे गोल, चांगले मोठे, फिकट हिरवट-पांढरे, बिया थोड्या आणि गर मऊ असे असते. २०२३ साली त्याला भौगोलिक मानांकन मिळाले. ‘भंटा’ हा शब्द गावंढळ आहे असे कित्येकांस वाटते. पण अमरकोशात वांग्याच्या नावांत ‘भण्टाकी’ हे नाव आहे. आपल्या ‘वांगे’ शब्दाचे नाते ‘वातिंगण’ या दुसऱ्या जुन्या नावाशी लावतात. तेव्हा येथील भाजीवाला ‘भंटा’ म्हणतो व आपण ‘वांगे’ म्हणतो, तेव्हा दोघेही संस्कृतच बोलत असतात.

याहून कौतुकाची गोष्ट पंचांगात आहे. अगहन कृष्ण षष्ठीस, म्हणजे आपल्या गणनेने कार्तिक वद्य षष्ठीस, पंचक्रोशीच्या मार्गावरील रामेश्वर येथे वरुणेच्या काठी ‘लोटा-भंटा’ मेळा भरतो. लोक गोवऱ्यांच्या आरावर बाटी व भंटे भाजतात, चोखा करतात व देवास नैवेद्य दाखवतात. त्यानंतर बरोबर एका पक्षाने, मार्गशीर्ष शुद्ध षष्ठीस, आपली चंपाषष्ठी येते. चातुर्मासात वर्ज्य केलेले वांगे त्या दिवशी खंडोबाला भरीत-रोडग्याच्या रूपाने अर्पण होते, आणि रोडगाही गोवऱ्यांवरच भाजतात. वरुणाकाठचा शेतकरी व जेजुरीचा भक्त यांनी एकमेकांस पाहिलेही नसेल. पण षष्ठी, वांगे, कणकेचा गोळा व गोवरीचा विस्तव या चारही गोष्टी दोघांच्या सारख्याच. काशीस आलेल्या मराठी गृहिणीस हा प्रदेश फार काळ परका वाटला नसेल, तो अशा साम्यांमुळे.

आता प्रत्यक्ष कृती. चार माणसांस अर्धा किलो भंटा पुरतो. पांढरे तीळ तीन मोठे चमचे घेऊन कोरड्या कढईत मध्यम आचेवर भाजावेत. ते तडतडू लागून किंचित बदामी झाले की लगेच ताटात काढावेत. कढईतच ठेवले तर तापलेल्या लोखंडाने करपून कडू होतात. निवाल्यावर दोन सुक्या लाल मिरच्या, मीठ व थोडे जिरे घालून खलबत्त्यात जाडसर कुटावेत. पीठ करू नये, कारण दाताखाली तीळ लागण्यातच त्याची गोडी आहे. भंट्याच्या बोटभर लांब फोडी मिठाच्या पाण्यात टाकून, निथळून, फडक्याने कोरड्या कराव्यात. येथील मोहरीचे तेल धूर येईपर्यंत तापवून, मग आच किंचित उतरवून हिंग, मोहरी व हळद यांची फोडणी करावी, आणि फोडी मोठ्या आचेवर सात-आठ मिनिटे, झाकण न ठेवता, उलथण्याने सतत परताव्यात. झाकण ठेवले तर रामनगरी भंट्याचा मऊ गर पाणी सोडतो व भाजीचे भरीत होते. फोडींच्या कडा तांबूस झाल्या की कढई उतरवावी आणि तीळकूट, गुळाचा खडा व लिंबाचा रस घालून ढवळावे. कूट विस्तवावर घालावयाचे नाही. उरलेल्या धगीवरच त्याचा वास फुलतो.

ही रीत आपल्यापुरतीच आहे असे मात्र नाही. चीन व कोरिया या देशांत गोमांसाचे पातळ काप मोठ्या आचेवर झटपट परतून त्यांवर तिळाचे तेल व भाजलेले तीळ घालतात, आणि दिवसभर कामावरून थकून आलेल्या कुटुंबाचे ते रात्रीचे आवडते जेवण असते. तो पदार्थ काशीतील मराठी पानात येणार नाही हे सांगणे नलगे. परंतु तत्त्व पाहिले तर तेच आहे : बारीक चिरणे, प्रखर आच, थोडा वेळ, आणि तीळ सर्वांत शेवटी. विशेष म्हणजे चिनी भाषेत तिळाचे जुने नाव ‘हूमा’, म्हणजे परक्या लोकांचा ताग, असे आहे. पश्चिमेकडून तीळ आपल्याकडे आला ही आठवण त्या लोकांनी नावात जपली. एक इवलासा दाणा हिमालयापलीकडे गेला व तेथेही रात्रीच्या घाईचा सोबती झाला.

घाई ही आधुनिक काळाची देणगी आहे असा आपला समज आहे. तो पुरता खरा नाही. लाकूडफाटा व गोवऱ्या यांवर जेव्हा स्वयंपाक होत असे तेव्हा जळण वाचविणे ही रोजचीच चिंता होती, आणि संध्याकाळी थोडक्या विस्तवावर होणारी भाजी ही गृहिणीची निकड होती. पुढे कोळशाची शेगडी आली, वातींचा स्टोव्ह आला. १९६५ साली इंडेनचा गॅस निघाला, तो मध्यमवर्गीय घरांत पोहोचण्यास आणखी कित्येक वर्षे लागली. आणि १ मे २०१६ रोजी येथून जवळच्या बलियात उज्ज्वला योजनेचा आरंभ झाल्यावर तो खेड्यांतील चुलींपर्यंत गेला. १९६१ साली स्थापन झालेल्या डिझेल रेल्वे इंजिन कारखान्यासारख्या उद्योगांमुळे व केंद्र सरकारच्या कचेऱ्यांमुळे नवी मराठी कुटुंबे काशीस आली. ही कुटुंबे घाटांवरील जुन्या घराण्यांसारखी मोक्षासाठी आली नव्हती, बदलीच्या हुकुमाने आली होती. त्यांच्या घरांत पुढे दोघेही नोकरी करू लागले. २०१७ साली सामनेघाटचा पूल होईपर्यंत रामनगरात राहणाऱ्यास पलीकडून घरी येण्यासाठी पीपांचा पूल, पावसाळ्यात नाव, नाहीतर १८८७ सालच्या मालवीय पुलाचा वळसा, असे मार्ग होते. अशा रात्री सात-साडेसातला दार उघडणाऱ्या घरात ताटलीभर तीळकूट तयार असणे म्हणजे काय, हे ज्याने अनुभवले त्यालाच कळेल. आमच्या घरी दर रविवारी सकाळी आठवड्याचे कूट कुटले जाई, आणि त्या आवाजाने मुले जागी होत.

हे सर्व सांगण्याचा हेतू एकच. आपल्या मंडळात गणेशोत्सव होतो, संक्रांतीचे हळदीकुंकू होते, पुरणपोळीचे जेवण होते. सणाचे पदार्थ टिकतील, कारण त्यांना तिथी आहे, नैवेद्य आहे, आणि चार माणसांचे कौतुक आहे. रोजच्या भाजीला यांपैकी काहीच नाही. ती कोणी लिहून ठेवत नाही, कोणी तिचे छायाचित्र काढत नाही. आईकडून मुलीकडे, सासूकडून सुनेकडे ती केवळ हाताने जाते, आणि मध्ये एक पिढी सुटली की नाहीशी होते. काशीतील कित्येक जुन्या मराठी घरांत आज मुले आपसांत हिंदीच बोलतात. त्यात दोष कोणाचा नाही. ज्या नगरीने आपल्याला आश्रय दिला तिची भाषा ओठांवर येणारच. बाबूराव विष्णु पराडकरांनी तर ‘आज’ दैनिकाच्या संपादकपदावरून ती भाषाच समृद्ध केली. परंतु अशा घरांतही ‘उलथणे’, ‘फोडणी’, ‘कूट’, ‘परतणे’ हे शब्द अद्याप ऐकू येतात. देवघर आणि बैठक यांतून मराठी निघून गेल्यावरही ती काही काळ स्वयंपाकघरात थांबते. तेथूनही गेली तर तिला परत बोलावणे कठीण आहे.

म्हणून सुवर्णमहोत्सवाच्या निमित्ताने एक नम्र सूचना करावीशी वाटते. मंडळाने घरोघरच्या वृद्ध स्त्रियांकडून त्यांच्या रोजच्या, साध्या, संध्याकाळच्या पदार्थांची नोंद त्यांच्याच शब्दांत करून घ्यावी : जिन्नस कोणता, तो कोठून आणीत, मोहरीचे तेल केव्हापासून वापरू लागलो, भंट्याला सासूबाई काय म्हणत. या कामाला मोठा निधी लागत नाही. एक वही, एक कार्यकर्ता आणि ऐकण्याची आस्था पुरेशी आहे. घाटांवरचे शिलालेख आपले पूर्वज दगडात कोरून गेले, ते राहतील. स्वयंपाकघरातले लेख कागदावर उतरविणे मात्र आपल्या पिढीच्याच हाती आहे.