समोरचा माणूस बोलत का नाही? नाट्यछटेपासून एकपात्रीपर्यंत

१/
रंगमंचावर एकच व्यक्ती बोलत असली की प्रेक्षकाचे सारे लक्ष तिच्या शब्दांकडे लागते. परंतु हे बोलणे चालले आहे कोणाशी, आणि तो समोरचा माणूस गप्प का आहे? मराठीतील छोट्या नाट्यरूपांचा शंभराहून अधिक वर्षांचा इतिहास या एका प्रश्नाच्या आधाराने वाचता येतो. हा धागा त्या गप्प माणसाच्या शोधाचा.

२/
वर्ष १९११. कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांचे 'संगीत मानापमान' याच वर्षी रंगभूमीवर आले. संगीत नाटकांचा तो भरभराटीचा काळ. अनेक अंक, भरजरी पोशाख, पदांवर पदे, 'वन्स मोअर'च्या आरोळ्या आणि उत्तररात्रीपर्यंत लांबणारे प्रयोग. नाटक म्हणजे काहीतरी भव्य, ही समजूत तेव्हा पक्की होती.

३/
त्याच वर्षी पुण्यातील एक तरुण पानभराचे नाटक लिहू लागला. शंकर काशीनाथ गर्गे (१८८९–१९३१), म्हणजेच 'दिवाकर'. पेशाने शिक्षक. त्यांच्या या लेखनाला नाव मिळाले 'नाट्यछटा'. पडदा नाही, प्रवेश नाही, गाणे नाही. एक माणूस बोलतो आणि थांबतो, एवढाच पसारा.

४/
या प्रकाराची प्रेरणा इंग्रज कवी रॉबर्ट ब्राउनिंग यांच्या नाट्यात्म स्वगतांत होती. त्यांची 'माय लास्ट डचेस' ही कविता १८४२ची. एक ड्यूक आपल्या दिवंगत पत्नीचे चित्र पाहुण्याला दाखवतो आहे. पाहुणा आला आहे ड्यूकच्या पुढच्या लग्नाच्या बोलणीसाठी. तो अखेरपर्यंत एक शब्दही उच्चारत नाही. ड्यूक मात्र प्रौढी मिरवता मिरवता स्वतःचेच पितळ उघडे पाडतो.

५/
दिवाकरांनी ही युक्ती मराठी घरात, कचेरीत आणि रस्त्यावर आणली. तिची रचना समजण्यासाठी एक कल्पित नमुना पाहावा: "हो, हो, देतो ना!... अहो, पण आजच कसे?... हळू बोला, आत पाहुणे आहेत!" तीन तुटक वाक्ये. मधल्या टिंबांच्या जागी सावकार उभा आहे. तो ऐकू येत नाही, तरी त्याचा चढत गेलेला आवाज वाचकाला कळतो.

६/
म्हणजे नाट्यछटेतली टिंबे रिकामी नसतात. तिथे दुसऱ्या पात्राचे संवाद असतात आणि ते वाचकाने मनात लिहायचे असतात. लेखक निम्मे नाटक कागदावर ठेवतो आणि निम्मे वाचकाच्या हवाली करतो. आकार लहान असला तरी वाचकावरची जबाबदारी त्यामुळे मोठी होते.

७/
'पंत मेले – राव चढले' ही दिवाकरांची गाजलेली नाट्यछटा. एकाच्या मृत्यूने रिकामी झालेली खुर्ची ही दुसऱ्याची बढती ठरते. मोठ्या नाटकाला या विषयासाठी एखादा खलपुरुष लागला असता. येथे कोणीच दुष्ट नाही. माणसे साधीच आहेत आणि म्हणूनच त्यांचा आनंद वाचकाला बोचतो. भाष्य करायला लेखक कुठेही मध्ये येत नाही.

८/
युरोपातही याच दिशेने प्रयोग होत होते. स्वीडिश नाटककार स्ट्रिंडबर्ग यांच्या 'द स्ट्राँगर' (१८८९) या छोट्या नाटकात दोन स्त्रिया समोरासमोर आहेत, पण बोलते एकच. सॅम्युएल बेकेट यांच्या 'क्रॅप्स लास्ट टेप'मध्ये (१९५८) श्रोताही बाहेरचा उरत नाही. एक वृद्ध माणूस ध्वनिफितीवर स्वतःचाच तरुणपणीचा आवाज ऐकत बसतो.

९/
स्वातंत्र्योत्तर महाराष्ट्रात छोट्या नाटकाला मोठे घर मिळाले ते एकांकिकेच्या रूपाने. १९६० साली मुंबईत 'रंगायन' ही प्रायोगिक संस्था उभी राहिली. १९६३ पासून पुण्यात महाराष्ट्रीय कलोपासक संस्थेची पुरुषोत्तम करंडक आंतरमहाविद्यालयीन स्पर्धा सुरू झाली. तिकीटबारीची चिंता नसलेला आणि चुकायला मोकळा असलेला नवा नाटककार अशा ठिकाणी घडू लागला.

१०/
पुरुषोत्तमच्या प्रेक्षागृहात महाविद्यालयीन मुले "अरे आव्वाज कुणाचा!" अशी आरोळी देतात. ती आरोळी आपापल्या महाविद्यालयाच्या अभिमानाची. तरीही एकांकिकेच्या इतिहासापुरता हा प्रश्न शब्दशः घ्यावा असा आहे. रंगभूमीवर आजवर आवाज कोणाचा होता आणि कोणाचा नव्हता?

११/
याचे सर्वांत अस्वस्थ करणारे उत्तर १९६७ साली विजय तेंडुलकरांच्या 'शांतता! कोर्ट चालू आहे' मध्ये मिळाले. हे पूर्ण लांबीचे नाटक, पण त्याच्या शेवटाजवळचे लीला बेणारेचे स्वगत हे मराठीतील अत्यंत परिचित स्वगतांपैकी एक. सुलभा देशपांडे यांनी ती भूमिका केली. दिग्दर्शन अरविंद देशपांडे यांचे.

१२/
अभिरूप न्यायालयाचा खेळ एव्हाना खऱ्या छळावर आलेला असतो. बचावासाठी आरोपीला दहा सेकंद दिले जातात. त्या क्षणी इतर पात्रे जागच्या जागी थिजतात आणि बेणारे आपले सारे आयुष्य बोलून टाकते. तिचे बोलणे संपते, न्यायालय पुन्हा हालू लागते, आणि त्याच्या लेखी आरोपी गप्पच राहिलेली असते.

१३/
दिवाकरांकडे एकाचे बोलणे ऐकू येते आणि दुसऱ्याचे गाळलेले असते. तेंडुलकरांनी ही मांडणी उलटी केली. येथे बोलणारीचेच शब्द समोरच्यांपर्यंत पोहोचत नाहीत. ते पोहोचतात केवळ प्रेक्षकापर्यंत. त्यामुळे प्रेक्षक साक्षीदार होतो, आणि साक्ष देण्याची सोय मात्र त्याला नसते.

१४/
सत्तरच्या दशकात दलित रंगभूमीने हा प्रश्न आणखी पुढे नेला. प्रेमानंद गज्वी यांची 'घोटभर पाणी' ही एकांकिका पाण्यापुढे उभ्या असलेल्या जातीच्या भिंतीबद्दल आहे. महाडच्या चवदार तळ्याचा सत्याग्रह १९२७चा. पन्नास वर्षे उलटत आली तरी एका घोटाचा प्रश्न रंगमंचावर मांडावा लागत होता. नेपथ्याचा बडेजाव नसलेली एकांकिका व्यावसायिक नाट्यगृहाची वाट न पाहता कुठेही उभी राहू शकते. दलित रंगभूमीसाठी हे बळ मोलाचे होते.

१५/
दरम्यान एकपात्रीची वेगळी वाट रुळली. १९६१ साली पु. ल. देशपांडे यांनी 'बटाट्याची चाळ' एकट्याने रंगमंचावर उभी केली. पुढे लक्ष्मण देशपांडे यांनी 'वऱ्हाड निघालंय लंडनला' मध्ये ५२ व्यक्तिरेखा एकट्याने वठवल्या. येथे समोरचा माणूस गप्प नाही. मान वळते, आवाज बदलतो आणि त्याच देहातून त्याचे उत्तर येते.

१६/
१९८९ साली सुषमा देशपांडे यांचा 'व्हय, मी सावित्रीबाई' हा एकपात्री प्रयोग आला. १८४८ साली पुण्यात मुलींच्या शाळेत शिकवायला उभ्या राहिलेल्या सावित्रीबाई येथे थेट प्रेक्षकांशी बोलतात. इतिहासाच्या पुस्तकांत ज्यांच्याविषयी बोलले जाई, त्या स्वतः बोलू लागल्या.

१७/
या प्रयोगात गप्प माणूस कोण, हे शोधण्यासाठी लांब जावे लागत नाही. तो खुर्चीत बसलेला प्रेक्षकच आहे. दिवाकरांच्या टिंबांमागे लपलेला श्रोता अठ्ठ्याहत्तर वर्षांत असा प्रेक्षागृहात येऊन बसला.

१८/
या इतिहासाला एक काळजीची बाजू आहे. दिवाकरांच्या नाट्यछटा छापल्या गेल्या, म्हणून आजही शाळकरी मुले त्या पाठ करतात. महेश एलकुंचवार यांची 'सुलतान' ही एकांकिका १९६७ साली 'सत्यकथा' मासिकात आली. तेथे ती विजया मेहता यांच्या वाचनात आली आणि 'रंगायन'च्या मंचावर पोहोचली. छापील पानाने एका नाटककाराला रंगभूमी मिळवून दिली.

१९/
स्पर्धांसाठी लिहिल्या जाणाऱ्या अनेक संहितांच्या वाट्याला हे भाग्य येत नाही. करंडक काचेच्या कपाटात राहतो. संहिता कोणाच्या तरी फायलीत किंवा जुन्या संगणकात. प्रयोग पाहिलेली पिढी पांगली की ती एकांकिका जणू लिहिलीच गेली नव्हती, अशी स्थिती होते. ज्या रूपाने इतरांना आवाज दिला, त्याचाच आवाज असा हरवतो.

२०/
छोट्या नाटकाचा आस्वाद घेताना म्हणूनच तीन प्रश्न जवळ ठेवावेत. हे बोलणे कोणाला उद्देशून आहे? त्याचे उत्तर आपल्याला का ऐकू येत नाही? आणि बोलणाऱ्याला स्वतःच्या बोलण्यातले काय कळलेले नाही? ब्राउनिंगच्या ड्यूकपासून आजच्या महाविद्यालयीन एकांकिकेपर्यंत हे प्रश्न उपयोगी पडतात.

२१/
आणि एखादी एकांकिका मनात राहिली, तर तिच्या लेखकाकडे संहिता मागून वाचावी. पानभर मजकुरातली टिंबे भरायला वाचक लागतो, हे दिवाकरांना १९११ सालीच ठाऊक होते.