पोषणशिक्षण व समुपदेशन, ज्येष्ठांसाठी (अमेरिकेची संयुक्त संस्थाने)

वयाची ६० वर्षे पूर्ण केलेल्या व्यक्तींना आहारविषयक माहिती आणि व्यक्तिगत सल्ला सार्वजनिक निधीतून देण्याची व्यवस्था अमेरिकेत प्रामुख्याने ‘ओल्डर अमेरिकन्स ॲक्ट’ या कायद्याखाली चालते. राष्ट्राध्यक्ष लिंडन जॉन्सन यांनी १४ जुलै १९६५ रोजी या कायद्यावर स्वाक्षरी केली. १९७२ च्या दुरुस्तीने देशव्यापी पोषण कार्यक्रमाचा पाया घातला गेला, १९७८ मध्ये घरपोच जेवणासाठी स्वतंत्र तरतूद झाली आणि २०२० मध्ये भूक व अन्नाची असुरक्षितता यांच्या जोडीने कुपोषण कमी करणे हेही उद्दिष्ट कायद्यात नमूद झाले.

संघराज्याचा निधी राज्यांच्या ज्येष्ठ-कल्याण विभागांमार्फत विभागीय संस्थांकडे आणि तेथून प्रत्यक्ष सेवा देणाऱ्या स्थानिक केंद्रांकडे जातो. दिवसाला एक जेवण दिले जात असेल, तर त्यातून रोजच्या शिफारस केलेल्या पोषकद्रव्यांचा किमान एक-तृतीयांश भाग मिळावा, असे बंधन आहे. लाभासाठी उत्पन्नाची अट नसून स्वेच्छेने दिलेली रक्कम स्वीकारली जाते. मात्र ती दिली नाही म्हणून कोणालाही जेवण नाकारता येत नाही.

पोषणशिक्षण आणि पोषण-समुपदेशन या येथे दोन वेगळ्या सेवा मानल्या जातात. शिक्षण हे बहुधा भोजनकेंद्रात जमलेल्या गटाला दिले जाते व त्यात सर्वांना उपयोगी पडणारी माहिती असते. उदाहरणार्थ, डबाबंद भाज्यांतील मीठ कमी करण्यासाठी त्या पाण्याने धुऊन घ्याव्यात, असे सांगितले जाते. समुपदेशन हे एका व्यक्तीचे आजार, औषधे व खाण्याच्या सवयी पाहून पात्र आहारतज्ज्ञाने केलेले मार्गदर्शन होय. रक्त गोठू नये म्हणून वॉरफरिन घेणाऱ्या व्यक्तीच्या बाबतीत हा फरक स्पष्ट होतो : हिरव्या पालेभाज्यांतील ‘के’ जीवनसत्त्वामुळे या औषधाचा परिणाम कमी होतो, तथापि भाज्या वर्ज्य न करता त्यांचे प्रमाण रोज साधारण सारखे ठेवावे, हा सल्ला तिला समजावून द्यावा लागतो.

सल्ल्याची गरज कोणाला अधिक आहे हे ओळखण्यासाठी ‘डिटरमाइन’ ही दहा विधानांची प्रश्नावली वापरली जाते. बहुतेक वेळा एकट्याने जेवणे व दिवसाला तीन किंवा अधिक औषधे घेणे यांना प्रत्येकी १, दात किंवा तोंडाच्या त्रासामुळे खाता न येणे आणि सहा महिन्यांत नकळत १० पौंड, म्हणजे सुमारे ४.५ किलो, वजन घटणे वा वाढणे यांना प्रत्येकी २, तर दिवसाला दोनपेक्षा कमी वेळा जेवणे यास ३ गुण आहेत. सर्वाधिक ४ गुण अन्न विकत घेण्यास पुरेसे पैसे नसण्याला आहेत. बेरीज ६ किंवा अधिक झाल्यास पोषणविषयक धोका मोठा समजला जातो.

‘मेडिकेअर’ ही शासकीय आरोग्यविमा योजनाही २००२ पासून डॉक्टरांच्या शिफारशीवर आहारोपचाराचा खर्च उचलते. पहिल्या वर्षी तीन व पुढे दरवर्षी दोन तास ही तिची सर्वसाधारण मर्यादा आहे. परंतु हा लाभ मधुमेह, मूत्रपिंडाचा विकार आणि मूत्रपिंड-प्रत्यारोपणानंतरचे ३६ महिने एवढ्यापुरताच असल्यामुळे, यांपैकी काहीही नसताना केवळ खाणे सुटल्याने खंगत चाललेली व्यक्ती त्यातून वगळली जाते.

अशा व्यक्तीपर्यंत पोहोचण्याचा मार्ग भोजनकेंद्रातून व घरपोच डब्यातून जातो. म्हातारपणातील कुपोषणामागे अज्ञानाइतकेच दारिद्र्य, एकटेपणा आणि शरीराची असमर्थता ही कारणे असतात, हे वरील प्रश्नावलीतूनच दिसते. म्हणून जेवण आणि सल्ला यांची कायद्याने घातलेली सांगड हेच या व्यवस्थेचे खरे बळ होय.