तिघांपैकी तिसरं नाव

‘कै. गजानन भीवराव देशपांडे विद्यालय’ असं पूर्ण नाव बारामतीत सहसा कुणी उच्चारत नाही. ‘एमईएस’ म्हटलं की भागतं. शंभरी ओलांडलेल्या या शाळेची मातृसंस्था पुण्याची महाराष्ट्र एज्युकेशन सोसायटी, म्हणजे आपली मएसो.

1860 साली ही संस्था सुरू झाली तेव्हा तिचं नाव होतं ‘पूना नेटिव्ह इन्स्टिट्यूशन’. साहेब ज्या शब्दाने हिणवायचा, तोच यांनी पाटीवर रंगवला! संस्थापक म्हणून वामन प्रभाकर भावे, लक्ष्मण नरहर इंदापूरकर आणि वासुदेव बळवंत फडके ही नावं एकत्र घेतली जातात. फडक्यांचा जन्म 1845 चा, म्हणजे 1860 साली ते जेमतेम पंधराचे. तेव्हा ‘स्थापना’ हा शब्द जरा सैलच घ्यावा. शाळा एका मुहूर्तावर उभी राहत नाही, माणसं येत जातात आणि हात लावत जातात.

पुढे फडके लष्करी हिशेब खात्यातली कारकुनी सोडून बंडात उतरले, पकडले गेले आणि 1883 मध्ये एडनच्या तुरुंगात वारले. त्यांचं स्मारक जन्मगावी शिरढोणला आहे, पुण्यात संगम पुलापाशीही आहे. भाव्यांचं नाव पेरूगेटच्या भावे हायस्कूलमुळे रोज हजार तोंडी येतं. संस्थेने 1945 मध्ये काढलेलं कॉलेज आज आबासाहेब गरवाऱ्यांच्या नावाने ओळखलं जातं. राहिले आठवणीत तिसरे ठरलेले इंदापूरकर. आडनावात अख्खं गाव बाळगणारा हा माणूस यादीत मधोमध असतो, आणि वाचणारा त्याला ओलांडून थेट फडक्यांवर जातो.

नाव राखायच्या तऱ्हा वेगवेगळ्या. पोर्तुगालमधल्या कोइंब्रा विद्यापीठाच्या चौकात तिसऱ्या जुआंव राजाचा पुतळा आहे. 1537 मध्ये विद्यापीठ लिस्बनहून त्या शहरात कायमचं आणलं ते त्याने, आणि आपला वाडाही देऊ केला. आपल्या शाळांच्या नशिबी वाडा देणारा राजा नव्हता. पंखा देणारे पालक होते. ‘कै. अमुक यांच्या स्मरणार्थ’ ही अक्षरं पंख्याच्या पात्यावर लाल रंगात असतात. पंखा बंद असला की नाव वाचता येतं, सुरू झाला की वर्गाला वारा मिळतो आणि नाव गुल होतं. मला तरी हे स्मारक चौकातल्या पुतळ्यापेक्षा अधिक पटतं.

बारामतीला माणूस आपलासा करायची सवय जुनी आहे. कवी मोरोपंत पन्हाळ्याचे, पण इथल्या नाईकांच्या आश्रयाला आले, कऱ्हाकाठी आर्या रचत राहिले आणि 1794 मध्ये इथेच वारले. ते बारामतीचेच झाले. तसा इंदापूरलाही या तिसऱ्या नावावर हक्क सांगायला हरकत नाही.

तेव्हा इंदापुरात, बारामतीत वा पुण्यात कुणाच्या माळ्यावर लक्ष्मण नरहर इंदापूरकरांचं एखादं पत्र, छायाचित्र किंवा सहीचा कागद असेल, तर वाळवीच्या आधी तो संस्थेपर्यंत पोचवा.